बी.एड. कॉलेजातलं भाषा मंडळ : बडोद्यात नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात प्राचार्य बोलावतात आणि सांगतात, "यंदा भाषा मंडळ तुम्ही बघा." हातात एक फाइल येते. गेल्या वर्षीचे फोटो, आभाराची पत्रं, स्पर्धांच्या निकालाचे कागद. ते निकालाचे कागद आधी नीट वाचा. वक्तृत्वात जी पहिली, तीच काव्यवाचनात पहिली, निबंधात दुसरी आणि सूत्रसंचालनही तिचंच. शंभरातली पाच-सहा नावं फिरून फिरून येतात. बाकीच्यांनी वर्षभर टाळ्या वाजवल्या. आणि हेच बाकीचे थोड्याच दिवसांत कुठल्या तरी शाळेत पन्नास-साठ मुलांपुढे उभे राहणार आहेत.

कला शाखेच्या कॉलेजातलं वाङ्मय मंडळ गुणी मुलांना व्यासपीठ देतं. ते त्याचं कामच आहे. अध्यापक महाविद्यालयात मात्र प्रत्येकाचं तोंड उघडलं पाहिजे, कारण इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा धंदाच बोलण्याचा, वाचून दाखवण्याचा आणि फळ्यावर लिहिण्याचा आहे. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांचाही. म्हणून मी प्रत्येक उपक्रमाला एकच प्रश्न विचारते: आपला प्रशिक्षणार्थी हे उद्या सराव शाळेत, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात, खडू आणि फळा एवढ्यावर करू शकेल का? उत्तर 'नाही' आलं, तर तो उपक्रम कितीही देखणा असला तरी मी त्याला वर्षातून एकदाच जागा देते.

आधी भाषांची मोजणी

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एक कोरं कार्ड द्या आणि तीन प्रश्न विचारा. घरात कोणती भाषा बोलता? शाळा कोणत्या माध्यमातून झाली? गोष्टीचं पुस्तक कोणत्या लिपीत भराभर वाचता येतं? तिसरा प्रश्न गाळू नका, बडोद्यात सगळी मेख तिथेच आहे. आडनाव मराठी, आजीशी बोलणं मराठीत, पण पहिली ते बारावी गुजराती माध्यम, अशी बरीच मुलं-मुली असतात. त्यांना देवनागरी येते, पण ती हिंदीच्या तासापुरती. मराठीत चार ओळी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. "मराठी येतं का?" असं नुसतं विचारलंत तर ती संकोचून "थोडं थोडं" म्हणतात, आणि तुम्ही त्यांना मराठीच्या यादीतून वगळून मोकळे होता.

एका वर्षी एका मुलीने आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या लिहून आणल्या. सगळ्या गुजराती लिपीत. शब्द अस्सल मराठी, अक्षरं गुजराती, वर शिरोरेषा नाही. मी ते पान तसंच भित्तिपत्रकावर लावलं आणि शेजारी तिनेच केलेलं देवनागरी लिप्यंतर. ते करताना ती तीनदा अडली: 'ज' कसा काढायचा, 'झ' कसा, आणि ओळीवर रेघ आधी की नंतर. पण डिसेंबरपर्यंत ती मराठी वाचू लागली होती. लिपी अडली म्हणून भाषा येत नाही असं कधी धरू नका.

माणसं कशी नेमावीत

अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस हे हवं तर कागदावर ठेवा. प्रत्यक्षात कामांचा तक्ता करा: सूत्रसंचालन, फलकलेखन, ओळख करून देणं, आभार, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, नोंद. एका सत्रात एकच काम एकाच माणसाने दुसऱ्यांदा करायचं नाही. सुरुवातीचे दोन-तीन कार्यक्रम अडखळत होतील. होऊ द्या.

वर्षाचं वेळापत्रक

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं आंतरवासितेसाठी सोळा आठवडे शाळेत असतात. ती परत आली की परीक्षेचं वारं सुरू होतं. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या भरवशावर मोठं काही ठरवू नका. पहिल्या वर्षाची मुलंही सराव पाठांत अडकण्याआधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, मंडळाचा पाया घातला गेला पाहिजे. नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी तालमीला कुणी येणार नाही. गरबा हा इथल्या मुलांच्या आयुष्याचा भाग आहे, त्याच्याशी स्पर्धा कशाला? गणपतीचे दिवस आणि उत्तरायणाचा आठवडा यांचंही तेच.

मी दोन तारखा घट्ट धरते. २४ ऑगस्ट, विश्व गुजराती भाषा दिन, आणि २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. यात आम्ही एक अदलाबदल करतो. चोवीस ऑगस्टचं यजमानपद मराठी घरातल्या मुलांकडे आणि सत्तावीस फेब्रुवारीचं गुजराती घरातल्या मुलांकडे. पाहुण्यांचं स्वागत, फलक, सूत्रसंचालन सगळं त्यांनी करायचं, त्या भाषेत. पहिल्या वर्षी दोन्हीकडून कुरकूर झाली. पण दुसऱ्याची भाषा जाहीरपणे, चुकांसकट बोलून पाहिल्याशिवाय वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलाचं मन कळत नाही. सराव शाळेत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांची मुलं असतात, आदिवासी भागातली असतात. त्यांना शिकवणाऱ्याने एकदा तरी ही जागा अनुभवावी.

फेब्रुवारीत २१ तारखेला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन येतो. २१ ते २७ हा एकच आठवडा धरला तर सगळ्यांच्या मातृभाषांपासून सुरू करून मराठीपर्यंत येता येतं, आणि दोन वेगळे कार्यक्रम, दोन वेगळे पाहुणे असा खटाटोप वाचतो.

रोजची दहा मिनिटं

मंडळ जगतं ते परिपाठाच्या दहा मिनिटांवर. सुविचार आणि दिनविशेष वाचून दाखवायची पद्धत मी बंद केली. कुणी ऐकत नव्हतं. त्याऐवजी दिवस वाटून घेतले.

सोमवारी म्हणीची जोडी. एकाने मराठी म्हण सांगायची, दुसऱ्याने तिची गुजराती कहेवत. 'दुरून डोंगर साजरे' म्हटलं की समोरून येतं 'डुंगरा दूरथी रळियामणा'. 'थेंबे थेंबे तळे साचे'ला 'टीपे टीपे सरोवर भराय'. खरी मजा जिथे शब्द जुळत नाहीत तिथे आहे. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' याला गुजरातीत अर्धा भरलेला घडा मिळतो: 'अधूरो घडो छलकाय घणो'. मराठीत ओढा, गुजरातीत डोक्यावरचा घडा. यावर पाच मिनिटं बोला म्हटलं तर आजवर कधी न बोललेली मुलंही बोलतात.

बुधवारी चकवणारा शब्द. इथल्या मराठी बोलण्यात गुजराती इतकी मुरली आहे की आपल्या लक्षातही येत नाही. "मला खोटं लागलं" हे वाक्य मी बडोद्यातच ऐकते. गुजरातीत 'खोटुं लाग्युं' म्हणजे मनाला लागलं. पुण्या-नाशकाच्या माणसाला त्याचा अर्थच लागणार नाही. "मोठी दुकान" हे तसंच, कारण गुजरातीत दुकान स्त्रीलिंगी. 'सारुं' म्हणजे तिकडे चांगलं, आपल्याकडे 'सारं' म्हणजे सगळं. इथे एक पथ्य पाळा. हे शब्द चूक म्हणून मांडू नका, फळ्यावर दोन स्तंभ करून मांडा: 'आपण घरी असं म्हणतो' आणि 'पुस्तकात असं लिहितात'. बडोद्याची मराठी ही काही बिघडलेली मराठी नव्हे. शिक्षकाला दोन्ही स्तंभ येत असले की झालं.

शुक्रवारी प्रकट वाचन. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते प्रशिक्षण महाविद्यालयातला हा सगळ्यात मोलाचा उपक्रम आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित.

वाचून दाखवणं शिकवताना

अडीचशे शब्दांचा उतारा निवडा. वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. संवाद असलेला असेल तर उत्तम. आदल्या दिवशी वाचणाऱ्याने तो पेन्सिलीने खुणावायचा: श्वास घ्यायच्या जागी एक उभी रेघ, मोठ्या थांब्याला दोन, जोर द्यायच्या शब्दाखाली ठिपका. मग एकाने सभागृहाच्या शेवटच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि दुसऱ्याने माइकशिवाय वाचायचं. मागच्याला वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर त्याने हात वर करायचा, बोलायचं नाही. नव्वद टक्के मुलांचा दोष हाच निघतो. वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो, आणि मराठीत तर क्रियापद शेवटीच असतं. तेच हरवलं की मागच्या बाकावरच्या मुलाला वाक्य कळणार कसं?

गुजराती माध्यमातून आलेल्यांना 'च', 'ज', 'झ' यांच्या दोन उच्चारांची सवय मुद्दाम लावावी लागते. 'चार' आणि 'चारा' यांतला च एक नाही. 'माझा' म्हणताना जीभ दातांमागे जाते, 'माझी' म्हणताना टाळूकडे. 'जरा थांब'मधला ज वेगळा आणि 'जरा-मरण' यातला वेगळा. मी मुलांना तळहात तोंडासमोर धरायला सांगते आणि या जोड्या दहा-दहा वेळा म्हणायला लावते. दोन आठवड्यांत फरक पडतो. तेवढ्यात पडला नाही तरी कुणाला सगळ्यांसमोर अडवू नका, बाजूला घेऊन सांगा.

हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं आहे असं सहकारी म्हणतील. त्यांना सांगा की राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीनंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये मजकुराचं वाचन व चिंतन आणि शिक्षणातील नाट्य व कला या दोन्हींसाठी रीतसर जागा आहे. मंडळाची नोंद तिथे जोडली की मुलांचं काम दुप्पट होत नाही.

भित्तिपत्रक

२२ बाय २८ इंचांचा कार्डशीट घ्या, आडवा. त्यावर ए-फोर आकाराची चार पानं आणि मधोमध शीर्षकाची पट्टी बसते. पाचवं पान कोंबू नका. पंधरा दिवसांनी एक अंक. प्रत्येक अंकाला वेगळे चार जण, आणि त्यांतला एक तरी भाषा सोडून दुसरा विषय घेणारा. विज्ञानवाल्या मुलाने सुरसागर तलावाच्या पाण्याबद्दल लिहिलेलं पान मला अजून आठवतं. लोक थांबून वाचत होते.

मजकूर हाताने लिहायचा, टाइप करून चिकटवायचा नाही. शिक्षकाचं अक्षर फळ्यावर जाणार आहे, त्याची तयारी इथे होते. गुजराती लिहायची सवय असलेल्यांकडून शिरोरेषा सुटते किंवा तुटक येते. त्यांना दुरेघी कागद द्या. कच्चा मसुदा दोघांनी तपासायचा. ऱ्हस्व-दीर्घाचे सगळे नियम एकदम शिकवू नका, एक पुरे: शब्दाला प्रत्यय लागला की 'फूल'चं 'फुलाला' होतं, 'मूल'चं 'मुलाला'. हा एक हातात बसला की मग पुढचा. अंक उतरवला की फेकायचा नाही, गुंडाळी करून तारीख घालून ठेवायचा. वर्षाअखेरीला निवडक पानं शिवली की हस्तलिखित तयार.

छापील कामाबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. एका वर्षी सराव शाळांच्या प्रमुखांचा सत्कार ठेवला होता. आपल्याकडे गुजरातेत शाळेच्या मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात, म्हणून निमंत्रणपत्रिकेत 'आचार्यांचा सत्कार' असं लिहिलं. छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं त्यात 'दुसऱ्या'चं 'दुसर्‌या', 'येणाऱ्या'चं 'येणार्‌या' झालेलं. मी खुणा करून परत पाठवलं. टाइप करणाऱ्या मुलाने एका दमात सगळे 'र्या' बदलून 'ऱ्या' केले. दुसरं प्रूफ मी पाहिलं नाही, घाईत होते. दीडशे पत्रिका छापून आल्या आणि त्यांवर होतं 'आचाऱ्यांचा सत्कार'. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या मुख्याध्यापकांना आम्ही स्वयंपाकी करून ठेवलं होतं. पन्नासेक पत्रिका तोपर्यंत वाटून झाल्या होत्या. त्या रात्री मी आणि दोन मुली घरोघरी फोन करत बसलो. तेव्हापासून नियम आहे: दुरुस्तीनंतरचं प्रूफ पुन्हा वाचायचं, आणि ते वाचणारा माणूस नवा असला पाहिजे.

स्पर्धा

मी कमी ठेवते. पाठ केलेलं वक्तृत्व वर्षातून एकदा. एरवी चिठ्ठ्या: डब्यातून विषय उचलायचा, एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं. विषय रोजचे हवेत: 'मांडवीतली गर्दी', 'माझी हरवलेली छत्री', 'शेव-उसळ कुणाला कशी समजावून सांगाल'. वादविवाद घेतलात तर श्रोत्यांतल्या चौघांना उठवून दोन्ही बाजूंचा सारांश सांगायला लावा, आणि बक्षीस त्यांतल्या उत्तम सारांशाला द्या. ऐकण्याला बक्षीस मिळतं हे कळलं की सभागृह आपोआप शांत होतं.

गोष्ट सांगणं, दोन परंपरा

आख्यानकवी प्रेमानंद याच शहराचे. त्यांच्या परंपरेतले माणभट्ट बोटांत अंगठ्या घालून माणेवर, म्हणजे तांब्याच्या मोठ्या घड्यावर, ठेका धरतात आणि आख्यान गातात. मराठी घरांतल्या मुलांनी कीर्तन निदान ऐकलेलं असतं. दोन्हींत काय सारखं आहे ते मुलांना शोधायला सांगा. मधेच श्रोत्याला प्रश्न विचारणं, नेमक्या ठिकाणी थांबणं, गंभीर प्रसंगातून घरगुती दाखल्यावर येणं, पुन्हा मूळ धाग्यावर जाणं. वर्गात गोष्ट सांगायला हेच लागतं. मग प्रत्येकाने पाचवीच्या वर्गासाठी सात मिनिटांची एक गोष्ट, कागद हातात न घेता. ठेक्यासाठी बाकावर बोटं वाजवली तरी चालेल.

पुस्तकपेटी

आता माझ्या सगळ्यात आवडत्या कामाकडे येते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं. पण शाळेतून बाहेर पडल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्याची ग्रंथालयव्यवस्था उभी केली. तिचाच एक भाग म्हणजे फिरती ग्रंथालयं: पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या, वाचून झालं की परत यायच्या आणि दुसऱ्या गावाला निघायच्या.

हे आपण आजही करू शकतो. एक पत्र्याची ट्रंक, तीस पुस्तकं. मराठी, गुजराती, हिंदी, थोडी इंग्रजी, बहुतेक पातळ आणि चित्रांची. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानाला एक कागदी खिसा आणि त्यात कार्ड: कुणी नेलं, कधी नेलं, आणि एक ओळ, 'मला यातलं काय आठवतं'. आंतरवासितेला जाणारा गट पेटी सोबत नेतो, महिनाभर शाळेत ठेवतो आणि परत आणताना मुलांनी लिहिलेली कार्डं आणतो. ती कार्डं मंडळाच्या सभेत वाचली जातात. पुस्तकं फाटतील, दोन-चार हरवतील. दरवर्षी दहा टक्के नवी घ्यावी लागतात असं धरूनच हिशेब मांडा. पेटीतून एकही पुस्तक हरवलं नाही तर मला काळजी वाटते, कारण बहुधा ती उघडलीच गेलेली नसते.

पेटी भरायच्या आधी मुलांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जा. आधी पत्र देऊन परवानगी घ्या आणि बारा-पंधरांच्या गटांनी जा, पन्नास जण एकदम नाही. लोखंडी मांडण्या आणि त्यांच्यामधली काचेची जमीन बघून मुलं आधी थबकतात. काचेमुळे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. बघून झालं की प्रत्येकाला काम द्या: बडोद्यात छापलेलं एक मराठी पुस्तक शोधायचं आणि त्याच्या पहिल्या पानावरचं सगळं उतरवून आणायचं. श्री सयाजी साहित्यमालेतलं एखादं हाती लागलं तर मुलांना पहिल्यांदा जाणवतं की हे शहर मराठी पुस्तकांचंही गाव होतं. मराठी साहित्य संमेलन इथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा भरलं, हे त्यानंतर सांगितलं तर ते कोरडं राहत नाही.

पैसा आणि नोंद

खर्च थोडाच आहे: कार्डशीट, पेनं, पाहुण्यांचं फूल, चहा आणि लीलो चेवडो. पुष्पगुच्छाऐवजी एक पुस्तक द्या आणि त्याची दुसरी प्रत पेटीत टाका.

नोंदवहीत तारीख, विषय, उपस्थिती हे रकाने सगळेच करतात. एक जास्तीचा रकाना आखा: 'आज पहिल्यांदा कोण बोललं'. दर कार्यक्रमानंतर तिथे नावं लिहा. ऑक्टोबरात वही उघडून हजेरीपटाशी ताडून बघा आणि जी नावं अजून त्या रकान्यात आली नाहीत त्यांच्यासाठी दिवाळीनंतरची कामं राखून ठेवा. एखाद्याला माइकची भीतीच असेल तर आधी चार जणांच्या गटात गोष्ट सांगू द्या, तीही नोंदवा.

एप्रिलमध्ये जबाबदारी दुसऱ्याकडे जाईल तेव्हा फाइलीबरोबर तीन वस्तू हातात द्या: ती वही, ट्रंकेची किल्ली, आणि 'ऱ्या' आणि 'र्या' दोन्ही नीट छापणाऱ्या छापखान्याचा पत्ता.